एकोणिसावा गडी

कुरिंगा गावात बेव्हन टुहीला स्वस्थ बसलेला पाहिलाय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला दाखवा; त्याला माझ्यातर्फे एक बिअर. जेवायला बसला तरी अर्धा खुर्चीवर, अर्धा हवेत. चर्चमध्ये गेला तर मागच्या दाराशी उभा, आणि पाद्रीबाबांचं प्रवचन संपायच्या आत दाराची कडी याच्या हातात. न्हावी तर दर वेळी ओरडायचा, "अरे टुही, हलू नकोस! कान गेला तर मला बोल लावायचा नाही!" शाळेतल्या बाईंनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं. ते नाव त्याच्या पाठोपाठ मेलबर्नला गेलं, पेपरात छापून आलं, आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही.

आई म्हणायची, हा पोटात असतानाच बाहेर यायची घाई करत होता. सातव्या महिन्यात आला. बाप गव्हाचा शेतकरी, मोजकं बोलणारा. त्याने एवढंच पाहिलं की पोराला ट्रॅक्टरवर बसवलं तर पोरगं खाली उतरून ट्रॅक्टरच्या पुढे पळतं. मग त्याने पोराच्या हातात लंबुळका चेंडू दिला आणि म्हणाला, "पळ लेका. पण निदान कशाच्या तरी मागे पळ."

अठराव्या वर्षी मेलबर्नच्या सँड्रिज फुटबॉल क्लबची माणसं आली आणि बेव्हनला घेऊन गेली. मैदानाच्या कडेने वाऱ्यासारखा पळणारा गडी त्यांना हवा होता. उंचीने बेताचा, खांद्याने किडकिडीत, पण दम असा की चौथ्या सत्रात बाकीचे गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकायचे तेव्हा हा विचारायचा, "संपलं? एवढ्यात?" कोच म्हणायचा, "याला पळायला सांगा, सोनं आहे. थांबायला सांगा, आजारी पडतो."

लोकांना वाटतं, व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य म्हणजे शनिवारची मजा. शनिवार सोपा असतो हो! जीव जातो तो गुरुवारी. सँड्रिजमध्ये गुरुवारी सराव संपला की कोच फळीवर नावांच्या पाट्या अडकवायचा. अठरा खिळे मैदानाचे, दोन बाकाचे. उरलेल्या पाट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ज्याची पाटी डब्यात, तो त्या आठवड्यापुरता मेला. चाळीस धटिंगण बुटांच्या नाड्या सोडायचं नाटक करत कान फळीकडे लावून बसायचे. बेव्हनला तेही जमायचं नाही. तो बाहेर पडून मैदानाला चकरा मारत राहायचा, आणि मग ब्रूनो झुपान खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "आहेस रे भिंगरी, आहेस! ये आत, पाय धू!"

हा झुपान म्हणजे दाराएवढा माणूस. बाप क्रोएशियाहून येऊन बंदरावर ओझी वाहायचा, आणि लेक मैदानावर समोरच्याला उचलून बाजूला ठेवायचा. भिंगरी आणि दार, अशी ती जोडी होती. एकाला बसता येत नव्हतं आणि दुसऱ्याला घाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांची मैत्री कशी जमली हे देवालाच माहीत.

तोवर बेव्हनचं ते पळणं निरोगी होतं. तरुण घोड्याचं असतं तसं. ते बिघडलं अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात.

मेरीबँक क्लबविरुद्ध सामना होता. जिंकेल तो पुढच्या शनिवारी अंतिम सामना खेळणार, हरेल तो घरी. शेवटची चार मिनिटं उरली होती, सँड्रिज तीन गुणांनी मागे, आणि बेव्हन बाकावर! पोटरीत गोळा आला म्हणून कोचने त्याला बाहेर घेतलं होतं. गोळा केव्हाच गेला होता, पण बदली मिळेना. तो बाकासमोर पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालत होता. इतक्यात पलीकडच्या कोपऱ्यात झुपानच्या मांडीचा स्नायू फाटला. बाकावरचा मदतनीस म्हणाला, "झुपान बाहेर येतोय, तू जा. पण थांब, त्याला रेषेबाहेर येऊ दे," आणि वरच्या खोलीत बसलेल्या कोचच्या शिव्या फोनवर ऐकायला वळला.

थांब म्हणाला! बेव्हन टुहीला!

झुपान एका पायावर लंगडत येत होता. आणि बेव्हनला समोर रान मोकळं दिसत होतं, अगदी हात पसरल्यासारखं, आणि चेंडू तिकडेच येणार हे त्याच्या पायांना डोक्याच्या आधी कळलं. तो कधी निघाला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चेंडू आला, त्याने झेलला, एकदा जमिनीवर आपटून परत घेतला, आणि चाळीस मीटरवरून लाथ घातली. चेंडू हवेत असताना त्याने मागे वळून पाहिलं. झुपान अजून आतच होता. रेषा पाच पावलांवर होती.

आमच्या या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये प्रत्येकी अठराच गडी मैदानावर हवेत. समोरच्या कप्तानाला शंका आली की त्याने पंचाकडे हात वर करायचा आणि मोजणी मागायची. मग खेळ थांबतो, सगळ्यांना रांगेत उभं करतात, आणि एकोणिसावं डोकं निघालं की त्या संघाचे तोवरचे सगळे गुण पुसून शून्य. मात्र जादाचा गडी बाहेर पडायच्या आत मोजणी मागायला हवी. नंतर बोंब मारून उपयोग नाही.

चेंडू मधल्या खांबांतून गेला. सहा गुण. साठ हजार माणसं उठून उभी राहिली, बदल्यांवर नजर ठेवणारा रेषेवरचा माणूसही चेंडूकडेच पाहत राहिला, आणि त्या गोंधळात झुपान बाहेर पडला. बेव्हनच्या अंगावर दहा जण येऊन पडले. आता मोजून काही निघणार नव्हतं, तरी उरलेली दोन मिनिटं तो मेरीबँकच्या कप्तानाचा हात पाहत होता. गॉर्डन मॅकस्वीन नावाचा तो कप्तान, तेहेतीस वर्षांचा, लांबच लांब हातांचा. हात वर गेला नाही. भोंगा झाला. तीन गुणांनी सँड्रिज जिंकलं.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे गळ्यात गळे घालून क्लबचं गाणं म्हणत होते. झुपान मालिशच्या टेबलावर पालथा पडला होता. त्याने बोटाने बेव्हनला जवळ बोलावलं.

"मी अजून आत होतो, भिंगरी."

"माहीत आहे."

"पाच पावलं."

"माहीत आहे रे!"

"मग तोंड शिव. आता पंचाकडे गेलास तरी कोण मोजणार? अन् या पोरांच्या तोंडाकडे बघ जरा."

बेव्हनने पोरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड शिवलं. पुढच्या शनिवारी अंतिम सामन्यात सँड्रिजने सत्तर गुणांनी मार खाल्ला. चोरीचा माल होता, पचला नाही. हे माझं मत. झुपानचं मत असं की, गोलरक्षणाची फळी झोपली होती.

पण तो गोल काही मेला नाही. मेला असता तर बरं झालं असतं. पेपरात फोटो, पबच्या भिंतीवर फोटो, क्लबच्या दिनदर्शिकेत सप्टेंबर महिना म्हणजे हाच. अनोळखी माणसं रस्त्यात पाठ थोपटायची. आणि बेव्हनची अवस्था काय? पुढच्या दोन मोसमांत बदली मिळाली की बाहेर येणारा गडी रेषा ओलांडून दहा पावलं जाईपर्यंत हा आत पाऊल टाकेना. कोच किंचाळायचा, "अरे गंज चढला का भिंगरीला?" जो पळण्यासाठी घेतला होता तो मैदानावर थबकायला लागला, आणि मैदानाबाहेर मात्र त्याला क्षणभर थारा नव्हता. एका गुरुवारी पाटी डब्यात गेली, मग दुसऱ्या गुरुवारी, मग गुडघा गेला. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं: आभार, शुभेच्छा. एकाहत्तर सामने खेळला बिचारा, पण लोकांच्या लक्षात राहिला एकच गोल, आणि नेमका तोच त्याला आठवायला नको होता.

तोवर त्याचं लग्न झालं होतं. नोलीन इस्पितळात परिचारिका होती, त्याचा निखळलेला खांदा बांधताना तिने दम दिला होता, "हललास तर दुसराही निखळवीन." त्याला वाटलं, हीच आपल्याला बसवेल. बाईने प्रयत्न केला, खोटं कशाला बोला. पण नवरा गावोगाव हिंडायला लागला. छोट्या गावांच्या क्लबांना मेलबर्नचा खेळाडू कोच म्हणून हवाच असतो. शनिवारी कोचगिरी, बाकी दिवस मिळेल ते काम: गव्हाच्या कोठारावर, लोकरीच्या शेडमध्ये, शाळेच्या बसवर. नवीन गावात दोन वर्षं बरी जायची. मग कुणीतरी पबमध्ये फोटो लावायचं, कुणीतरी पोराला म्हणायचं, "हेच ते, ज्यांनी मेरीबँकला पाणी पाजलं," आणि महिन्याभरात टुहींचं सामान ट्रकवर. अकरा गावं झाली. नोलीनने अकरा परसांत अकरा लिंबाची झाडं लावली, आणि एकाचंही लिंबू तिच्या तोंडाला लागलं नाही.

बारावं घर म्हणजे कुरिंगाच. आईबाप गेले, घर रिकामं होतं, म्हणून परत आले.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र नेमाने व्हायची. त्या सामन्याच्या तारखेला झुपानचा फोन यायचा. "काय रे भिंगरी, आज किती जण खेळतोय?" बेव्हन म्हणायचा, "गप रे दाराच्या." दोघं हसायचे, आणि पुढचे काही दिवस बेव्हनला जरा बरं जायचं. मग जून महिन्यात झुपान गेला. हृदय बंद पडलं. शवपेटी उचलायला सहा माणसं लागली आणि तरी वाकली. अंत्यविधीहून परतल्यापासून बेव्हनचं तंत्रच सुटलं. ते गुपित आता एकट्या त्याचं होतं. तो पहाटेपासून कुंपणाच्या कडेने चालायचा, कुत्रं दमून घरी यायचं पण हा नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो म्हणाला, "नोलीन, पलीकडच्या राज्यात एका कोठारावर जागा आहे म्हणतात."

नोलीन भांडी घासत होती. तिने हात पुसले. "ऐक. मी चोपन्न वर्षांची आहे. माझी पाठ दुखते. मी आता खोकी भरणार नाही. तुला जायचं तर जा. पण एकटा जा, अन् मग परत यायचं नाही. नाहीतर मला सांग, तुझ्या मागे लागलंय तरी काय?"

आणि त्याने सांगितलं. उभ्या उभ्याच, दाराच्या चौकटीत. पाच पावलं, मागे वळून पाहणं, झुपानचं बोट, सगळं.

नोलीन आधी हसली. मग तिचं हसू गेलं आणि चेहरा लाल झाला. "एवढ्यासाठी? अकरा घरं एवढ्यासाठी? अरे मला वाटायचं कुणी बाई असेल! बाई असती तर मी समजून तरी घेतलं असतं!"

"तुला नाही कळणार."

"मला नको कळायला. ज्याला कळेल त्याला सांग. तो मॅकस्वीन आहे ना जिवंत? जा. त्याच्यासमोर उभा राहा, सांग, आणि घरी येऊन या खुर्चीवर बस. बसलास तर राहू. नाही बसलास तर मी बहिणीकडे चालले."

मॅकस्वीन दक्षिणेला, समुद्रकाठच्या पोर्ट एलिंगात राहत होता, सहा तासांवर. बेव्हन उजाडताच निघाला. वाटेत एकदा पेट्रोलला थांबला, पंपाशेजारी उभ्यानेच मटणाचा पॅटिस खाल्ला, सॉस शर्टावर सांडला. डोक्यात वाक्यं जुळवत होता. 'गॉर्डन, मला काही सांगायचंय.' छे. 'गॉर्डन, त्या दिवशी...' छे. पोर्ट एलिंगाच्या मैदानाशी पोचला तेव्हा एकही वाक्य उरलं नव्हतं.

मॅकस्वीन तिथल्या मैदानाची देखभाल करायचा. तो चुन्याचं यंत्र ढकलत सीमारेषा आखत होता. केस पांढरे, हात तेच लांबच लांब. समुद्राकडून बोचरा वारा येत होता. त्याने मान वर केली, डोळे बारीक केले, आणि ओरडला, "टुही? भिंगरी टुही? अरे भामट्या, तू कसा इकडे?"

त्याने बेव्हनला मिठीच मारली. शेडमधून थर्मास आणला, मनुकांचा पाव आणला, उपडी बादली पुढे सरकवली. "बस, बस." बेव्हन बसला नाही. मॅकस्वीनला त्याचं काही वाटलं नाही. तो स्वतः यंत्राच्या दांड्याला टेकला आणि बोलत सुटला. गुडघे कसे आहेत, झुपानचं ऐकलं, वाईट झालं, अंत्यविधीला यायचं होतं पण नातवाला गोवर.

"आणि तुला सांगतो, गंमत म्हणजे, दर वर्षी क्लबच्या जेवणाला मला भाषण करायला लावतात, आणि माझा सगळ्यात चालणारा विनोद म्हणजे तू!"

"मी?"

"तूच की! ऐक. तिसऱ्या सत्रात मला कानावर कोपर बसलं होतं, आठवतंय? कानात चर्चची घंटा. मला सवय होती, समोरच्यांची बदली झाली की डोकी मोजायची. तू लाथ घातलीस तेव्हा मी मोजले. तीन-तीनच्या सहा ओळी आणि वर एक. एकोणीस!" मॅकस्वीन मांडीवर थाप मारून हसला. "हात निघाला पंचाकडे. इथवर आला बघ, छातीपर्यंत. मग म्हटलं, थांब गॉर्डन, परत मोज. परत मोजले तर अठरा! कोचला सांगितलं तर तो म्हणाला, घरी जा आणि दोन आठवडे पडून राहा, आज बायकोच्या हातालाही सहा बोटं दिसतील. हॉलभर लोक हसतात रे यावर."

बेव्हनने पायाने बादली मागे सरकवली. "आणि... हरल्याचं?"

"दुःख झालं की. तेरा वर्षं खेळलो, अंतिम सामना एकदाही नशिबी नाही. ती शेवटची संधी होती. पण एका गोष्टीचं समाधान आहे बघ. हात वर केला असता आणि अठरा निघाले असते, तर सगळ्या देशासमोर माझं हसं झालं असतं, आणि वर तुम्हाला फुकटची किक. त्या दिवशी मी थांबलो. तेवढं एक शहाणपण आयुष्यात केलं, आणि सुखाने झोपतो." त्याने चहाचा कप पुढे केला. "घे ना. गार होईल."

आता इथे बेव्हनला सगळं समजलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्याला वाचवायचं मला काही कारण नाही. समोरचा माणूस सुखी होता, आणि त्याचं सुख कशावर उभं होतं ते त्याने नुकतंच स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. बेव्हनने हसावं, चहा प्यावा, पाव खावा, आणि सहा तास गाडी हाकत घरी जावं. नोलीनला काय ते उत्तर द्यावं. एवढंच करायचं होतं. थोडा वेळ थांबायचं होतं, बस. तो हसायलाही लागला होता. पण पाय चुळबुळायला लागले, आणि तोंडातून निघून गेलं:

"एकोणीसच होते, गॉर्डन."

"हो ना, तेच तर सांगतोय, मला एकोणीस—"

"नाही. खरंच एकोणीस होते. मी लवकर घुसलो. झुपान आत होता अजून. पाच पावलं. तू दुसऱ्यांदा मोजलेस तेव्हा तो बाहेर पडला होता."

मॅकस्वीनचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, आवरायचं राहिलेल्या पसाऱ्यासारखं. यंत्रातून चुना ठिबकत होता आणि गवतावर त्याचं थारोळं साचत होतं. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"म्हणजे पहिल्यांदा मी बरोबर मोजले होते."

"हो."

"मी बरोबर होतो."

"हो, गॉर्डन. मला माफ कर. मी इतकी वर्षं—"

"माझा हात इथवर आला होता," मॅकस्वीन म्हणाला, आणि त्याने तो लांब हात छातीपर्यंत नेऊन पाहिला. मग खाली सोडला. तो चिडला असता, दोन ठेवून दिल्या असत्या तर बेव्हनला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "हे मला आज कशाला सांगितलंस रे?"

"मला बसवत नव्हतं."

मॅकस्वीनने मान डोलावली. उरलेला पाव कागदात गुंडाळून बेव्हनच्या हातात दिला, लांब जायचंय म्हणून. माणूसच तसा होता. मग तो यंत्र ढकलत निघाला. बेव्हनने गाडीतून पाहिलं, रेघ वाकडी जात होती.

घरी आल्यावर नोलीनने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"ऐकून घेतलं. चहा दिला, पाव दिला."

"बघ! आणि तू उगाच..." नोलीनचे डोळे भरून आले. तिने त्याच्यासमोर मटणाचं ताट ठेवलं, आणि बेव्हन टुही बसला. पुरता बसला. ताट संपेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यातल्या खुर्चीवर त्याला झोप लागली, तोंड उघडं, घोरणं कुंपणापर्यंत. नोलीनने शेजारणीला बोलावून दाखवलं. "मेला तर नाही ना?" शेजारीण म्हणाली, आणि दोघी पदराआड हसावं तसं ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हसल्या. गावात बातमी झाली. चार दिवस असे गेले. असं सुख त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. नोलीनने उचलला.

"मी मॅकस्वीन. जरा बेव्हनला विचाराल का, झुपान कोणत्या पायाने लंगडत होता?"

"झोपलाय तो. का हो?"

"नाही, डावा त्याचा जोराचा पाय. तोच गेला असेल तर वेळ जास्त लागला असेल. म्हणजे मला तेवढा जास्त वेळ होता."

नोलीनला काही उमजेना. तिने विचारलं, आणि मॅकस्वीनने सगळं सांगितलं. कोपर, एकोणीस, छातीपर्यंत आलेला हात, जेवणातला विनोद. कुणी आपलं दुखणं डॉक्टरला सांगावं तितक्या शांतपणे. बायको रागावते, म्हणाला. रेषा आखायला दुसऱ्या माणसाला बोलावलंय, म्हणाला. नोलीनने फोन बाजूला ठेवला, व्हरांड्यात आली आणि खुर्चीच्या पायाला लाथ मारली.

बेव्हन दचकून जागा झाला.

"तो विनोद त्याने तुला आधी सांगितला की नंतर?"

"कसला—"

"आधी की नंतर, बेव्हन?"

बेव्हनने तोंडावरून हात फिरवला. "आधी."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"कळलं होतं. पण मला थांबवलं नाही गं."

नोलीनला ओरडायचं होतं, पण त्याला पाठवलं होतं कुणी? तिनेच. खुर्चीवर बसवायला. ती म्हणाली, "फोनवर आहे तो. झुपान कोणत्या पायाने लंगडत होता, विचारतोय. जा."

बेव्हनने फोन कानाला लावला. पलीकडे वारा ऐकू येत होता, आणि चालणाऱ्या माणसाचा श्वास.

"टुही? मैदानावर आहे मी. सकाळपासून चकरा मारतोय. जेवायला बसलो होतो, बसवेना. काल पण असंच झालं." मग अगदी साध्या आवाजात, माहितगाराला विचारावं तसं, मॅकस्वीनने विचारलं, "हे किती वर्षं चालतं रे?"

बेव्हनला उत्तर माहीत होतं.

"डावा पाय होता, गॉर्डन," तो म्हणाला. "मी निघतोय. सहा तास लागतील. तोवर चाल तू. मी आलो की दोघं चालू."

नोलीनने गाडीची किल्ली आधीच काढून आणली होती. ती त्याच्या हातात न देता म्हणाली, "तू बस. मी चालवते," आणि पुढे होऊन दार उघडलं.